डेस्कटॉपचं कोटेशन वाचायचं कसं: प्रोग्रॅमिंग आणि गेमिंगसाठी

‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट.’ असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन बऱ्याच दुकानांत असंच हातात पडतं. वाचायला भारदस्त, पण त्यातून कळत काहीच नाही. आय सेव्हन म्हणजे इंटेलचा २०१२ सालचा ३७७० प्रोसेसरसुद्धा असू शकतो. ४ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३० असू शकतं. ते २०१४ सालचं आहे आणि आजचे मोठे गेम त्याला झेपत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही, म्हणजे असं मशीन घेतल्या दिवसापासूनच जुनं.

म्हणून पहिलं काम हे, की प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागायचा. ‘मदरबोर्ड चांगला देतो’ यावर थांबायचं नाही. नंबर द्यायला कां कूं करणारा दुकानदार सोडून द्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढचं दुकान दहा पावलांवर असतं. कोटेशनमध्ये ठळक अक्षरांत येतात ते प्रोसेसर आणि कार्ड. पैसे वाचवले जातात ते एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडीत, आणि दोन वर्षांनी डोकेदुखीही तिथूनच सुरू होते.

प्रोसेसर

कोड कंपाइल करताना जास्त कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे प्रोसेसरचे भाग) आणि भरपूर रॅम कामाला येते. गेमचा बहुतेक भार कार्डावर असतो. प्रोसेसरकडून त्याला हवा असतो एकेका कोअरचा वेग आणि मोठी कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी). दोन्ही कामं मध्यम बजेटात बसवायची तर एएमडीच्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ ७६०० ही सुरक्षित निवड आहे: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, आणि बॉक्समध्ये कूलर. मोठे सी++ किंवा रस्ट प्रोजेक्ट रोज बिल्ड होत असतील तर ८ कोअरचा रायझन ७ ७७०० घ्यावा. नावात एक्स३डी असलेले प्रोसेसर गेमसाठी अव्वल आहेत, पण त्यांच्या जादा कॅशेचा कंपाइलला फारसा उपयोग नाही. ७८००एक्स३डी घेऊन दिवसभर कोडच लिहायचा असेल तर तो फरकाचा पैसा रॅममध्ये घालावा.

नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल (७५००एफ, १२४००एफ) तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. हजार-दोन हजार वाचतात, पण उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीन पूर्ण काळी, आणि दोष कार्डाचा की बोर्डाचा हेही कळत नाही. ज्याचं पोट या मशीनवर आहे त्याने एफ टाळावा. शिवाय बिनएफच्या प्रोसेसरवर आज कोडिंग सुरू करून कार्ड सहा महिन्यांनी घेता येतं.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले वरचे आय सेव्हन, आय नाईन सेकंडहँड घेताना जपून. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं उघड झाल्यावर इंटेलने २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर मायक्रोकोडने दुरुस्त होत नाही.

मदरबोर्ड

६५ वॅटच्या प्रोसेसरला बी६५० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. बघायच्या गोष्टी: रॅमचे ४ स्लॉट, एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन स्लॉट, वायफाय आहे की नाही (एकाच बोर्डाच्या वायफायसह आणि वायफायशिवाय अशा दोन आवृत्त्या येतात आणि नावात जेमतेम एका शब्दाचा फरक असतो), आणि मागच्या बाजूला बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) नवं करणारं फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण क्षुल्लक वाटतं. पण बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल आणि तुम्ही त्यावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवला, तर जुन्या बायॉसमुळे डिस्प्लेच येत नाही. फ्लॅशबॅक असेल तर एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवरून प्रोसेसर न बसवताही बायॉस नवं करता येतं. नसेल तर बोर्ड घेऊन दुकानात हेलपाटा.

एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. एक वाकली तरी वॉरंटी गेली. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीत परत द्यायची वेळ आली तर ते लागतं.

रॅम: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

१६ जीबी आता कोडिंगला अपुरी पडते. अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर, डॉकर आणि ब्राउझरचे तीसेक टॅब एकत्र उघडले की मशीन एसएसडीवर स्वॅप करायला लागतं. डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) तर न सांगता निम्म्यापर्यंत रॅम आपल्याकडे घेऊ शकतं. ३२ जीबी घ्या. अँड्रॉइडचं संपूर्ण सोर्स बिल्ड करायचं असेल तर गूगलच ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा मागतं.

३२ जीबी म्हणजे १६ च्या दोन स्टिक, एकाच किटमधल्या. दुकानदार ३२ ची एकच स्टिक देऊन ‘पुढे वाढवता येईल’ म्हणतो, पण एका स्टिकवर मेमरीची निम्मी वाट बंद राहते आणि गेममध्ये ते थेट जाणवतं. उलट बाजूने, ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हाही हिशेब डीडीआर५ या आजच्या रॅममध्ये फसतो: चार स्टिक लावल्या की रायझन ७००० वर रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्यामुळे आज थोडी, उद्या थोडी असं करावंसं वाटतं, तरी जेवढी लागणार तेवढी दोन स्टिकमध्येच बसवावी. रायझनसाठी ६००० वेग आणि सीएल३० (सीएल म्हणजे रॅमला प्रतिसाद द्यायला लागणारा अवधी, कमी तितका चांगला) हा ठरलेला मेळ. त्यापुढच्या वेगाला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबायचं. एका बाजूने अर्धवट बसलेली स्टिक हे ‘नवीन मशीन चालू होत नाही’ याचं नेहमीचं कारण. आणि पहिल्यांदा चालू करताना घाई नको. डीडीआर५ बोर्ड पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग करतो. त्यात पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो, स्क्रीन काळी. हे काही मिनिटं चालू शकतं. दर तीस सेकंदांनी बटण दाबून बंद केलं तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि चांगला बोर्ड ‘डेड’ म्हणून परत जातो. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

ग्राफिक्स कार्ड

कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात आणि बॉक्स जवळपास सारखे दिसतात, म्हणून बिलावर ‘१६ जीबी’ लिहून घ्यावं. नव्या गेममध्ये टेक्स्चर वर नेलं की ८ जीबी भरते आणि खेळ अडखळतो. मशीन लर्निंग, क्युडा (एनव्हिडियाच्या कार्डावर प्रोग्रॅम चालवायची पद्धत) किंवा घरच्या मशीनवर भाषा-मॉडेल चालवणं डोक्यात असेल तर एनव्हिडिया घ्या, वाद नको. फक्त खेळ आणि वेब डेव्हलपमेंट असेल तर एएमडीचं १६ जीबीचं कार्ड पैशाला जास्त जागतं.

मॉनिटरची वायर कार्डात लावायची, बोर्डाच्या पोर्टात नाही. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर ठेवणारेही कमी नाहीत. कोड वाचायला २७ इंची १४४० पी सगळ्यात आरामाचा.

एसएसडी

कोटेशनवर एवढं हवं: १ टीबी, एनव्हीएमई, जेन ४, टीएलसी (टीएलसी आणि क्यूएलसी हे मेमरी चिपचे प्रकार). क्यूएलसी स्वस्त मिळते, पण मोठा गेम उतरवताना ड्राइव्हची वेगवान कॅशे भरली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवेत तर एकाच ड्राइव्हचे भाग पाडण्यापेक्षा दोन छोट्या एसएसडी घ्याव्यात. विंडोज अपडेटने लिनक्सचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) उडवण्याचा धोका बराच कमी होतो.

एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नका, बाजूच्या स्टिकरवरचा +१२ व्होल्टचा रकाना वाचा. प्रोसेसर आणि कार्ड तिथूनच वीज घेतात. चांगल्या ६५० वॅटवर ५४ अँपिअर दिसतात: ५४ गुणिले १२, म्हणजे ६४८ वॅट. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येणाऱ्या ४५० वॅटच्या डब्यावर १८ अँपिअर असतील तर तो खरा २१६ वॅटचाच आहे. ५०६० टीआय एकटं १८० वॅट खातं, रायझन ७६०० भाराखाली ८८ पर्यंत, बाकी सगळं मिळून पन्नासेक. म्हणजे ३२० च्या आसपास. त्याला ६५० वॅट पुरून उरतो. ८० प्लस गोल्ड ही वीज किती वाया जाते याची पावती आहे, मजबुतीची नव्हे. वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहा. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायर दुसऱ्या मॉडेलला लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असते आणि एसएसडी जळते.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. वरच्या मशीनला मॉनिटर जोडला की तो काठावर येतो आणि गेम चालू असताना वीज गेली तर यूपीएसही बसतो. १००० ते ११०० व्हीए घ्यावा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष कॉम्प्युटरचा नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज दिसतं. करंट अगदी कमी असतो, पण यूएसबी आणि एचडीएमआय वायर जोडता-काढताना पोर्ट उडू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर मल्टिमीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या जवळ, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसणं नवल नाही.

जोडणी झाल्यावर

कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली का ते पाहा. ती राहिली की तापमान लगेच ९५ अंशांना भिडतं. समोर जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या, बंद काचेचं नको. मे महिन्यात नागपुरात खोलीच ४० च्या वर असते. बायॉसमध्ये दोन गोष्टी हाताने चालू कराव्या लागतात: एक्सपो (रॅमचा पूर्ण वेग चालू करणारं सेटिंग), नाहीतर ६००० ची रॅम ४८०० च्या आसपास धावत राहते, आणि एसव्हीएम (एएमडीचं व्हर्च्युअलायझेशनचं सेटिंग), नाहीतर डॉकर आणि अँड्रॉइड एमुलेटर व्हर्च्युअलायझेशन नाही म्हणून नकार देतात. मग एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. एकही चूक दिसली तर रॅम लगेच बदलून घ्या. सुटे भाग महिन्याला एक असे घेत बसू नये ते याचसाठी: शेवटचा भाग येईपर्यंत पहिल्याची बदलून घेण्याची मुदत संपलेली असते.

जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वॉरंटी संपायच्या कितीतरी आधी ते कोरं होतं.