जुनी थर्मल पेस्ट काढताय? या चुका टाळा

प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्या मधे थर्मल पेस्ट असते. नुसती ही पेस्ट पुसताना प्रोसेसर सहसा खराब होत नाही. तो मोडतो हीटसिंक उपटताना, नाहीतर पुसलेला भाग ओला असतानाच मशीन सुरू केल्यावर. गोव्यात या दुसऱ्या चुकीला पावसाळ्याचे चार महिने साथ देतात.

थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढणे

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर (बोर्डवर प्रोसेसर बसवायच्या जागेवर) ही चूक सगळ्यात महाग पडते. तिथे १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरतं. वर्षानुवर्षं तापून-निवून पेस्टमधलं सिलिकॉन तेल कडेला सरकतं आणि मधे ऑक्साइडची कोरडी पूड सिमेंटसारखी धरून बसते. अशात हीटसिंक हिसकला, की सॉकेटचा लीव्हर (प्रोसेसर अडकवून ठेवणारी दांडी) बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि येताना पिना वाकतात.

म्हणून आधी मशीनवर दहाएक मिनिटं गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालवा, म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग शटडाउन करून प्लग काढा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा आणि उचलण्याआधी हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. सुटला की हाताला कळतं. इंटेलच्या स्टॉक कूलरच्या (प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या हीटसिंक-पंख्याच्या) पुश-पिना आधी बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवायच्या, मगच वर ओढायच्या.

प्रोसेसर चिकटून आलाच, तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. हेअर ड्रायरने हीटसिंक गरम करा आणि दातांचा फ्लॉस मधून सरकवा. वाकलेली पिन शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकात धरून हळूहळू सरळ होते. मात्र तीच पिन पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते.

पुसण्यासाठी प्रोसेसर बाहेर काढणे

काही गरज नाही. पेस्ट प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणावर असते; सॉकेटचा लीव्हर लावलेलाच ठेवून तिथल्या तिथे पुसा. एएमडीच्या एएम५ आणि इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर काढला की त्या उघड्या पडतात आणि कापडाचा एक धागा अडकला तरी वाकतात. सॉकेटमध्ये पेस्ट पडलीच, तर कापड नको, कापूस तर मुळीच नको. आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) दोन-चार थेंब टाकून मऊ ब्रशने, भिंगातून बघत, पिनांच्या कलाने टिपा.

हाताला येईल ते द्रावण वापरणे

सगळ्यात जास्त घोळ इथेच. हवं ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. फार्मसीतल्या ७० टक्केवाल्या बाटलीत उरलेलं ३० टक्के बहुतेक पाणीच. त्याने पेस्ट निघते, पण सुकायला वेळ लागतो. हँड सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, ते धातूवर थर सोडतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन प्लास्टिक खातं. रॉकेल आणि डब्ल्यूडी-४० तेलकटपणा ठेवून जातात. आणि कोणी गमतीत सुचवलंच तर, फेणीतही निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ती ग्लासातच बरी.

आता पावसाळ्याची गोष्ट. आयपीए हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बूच लगेच लावा, नाहीतर ९९ टक्क्यांची बाटली हळूहळू पातळ होत जाते. शिवाय ते उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि जुलैच्या दमट हवेत त्या गार धातूवर पाण्याचं बारीक दव धरू शकतं. दिसायला सुकलेलं, पण खरं ओलं. कापड नुसतं दमट करा, बोर्डवर ओतू नका आणि पुसून झाल्यावर पंख्याखाली पंधरा मिनिटं थांबा. आयपीएची वाफ सहज पेट घेते. जवळ समई किंवा उदबत्ती नको, खिडकी उघडी हवी.

ओल्या कापडाने सुरुवात करणे

आधी कोरडं. जुन्या सिमकार्डाच्या प्लास्टिकने जाड थर खरवडा, पत्ती किंवा चाकू नको. मग धागे न सुटणारं मायक्रोफायबर किंवा कॉफी फिल्टर आयपीएने दमट करून कडेकडून मध्याकडे पुसा. उलट केलंत तर पेस्ट कडेच्या खाचांत जाते. एएम५ प्रोसेसरच्या झाकणाला तशा खाचा आहेत आणि तिथे कॅपॅसिटर उघडे असतात. कापडाची बाजू बदलत राहा, पांढरं कापड पांढरं निघेपर्यंत. हीटसिंकवर पेस्ट फारच घट्ट असेल, तर आयपीएत भिजवलेला तुकडा त्यावर पाच मिनिटं ठेवा. तांब्यावर काळपट डाग उरला तर राहू द्या. सँडपेपर मारणं ही त्याहून मोठी चूक.

लॅपटॉपमध्ये झाकण नसतं, उघडी सिलिकॉन चिप असते. तिथे काहीच खरवडू नका. तिचा कोपरा टिचला की संपलं. बाजूच्या मेमरीवरचे रबरी थर्मल पॅड आयपीएने पुसू नका. पेस्टऐवजी आरशासारखा चकाकणारा पातळ धातू दिसला, तर तो गॅलियमचा लिक्विड मेटल आहे: वीज वाहतो आणि अॅल्युमिनियम पोखरतो. ते काम जाणकारावर सोडा.

मीठ विसरणे

कोलवा, कळंगुट, मोरजी अशा किनाऱ्यालगतच्या घरांत हीटसिंकच्या पात्यांवर मिठाची पांढरी भुकटी धरते. मीठ आयपीएत जवळजवळ विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. पंखा वेगळा काढून फक्त धातूचा भाग नळाखाली धुवा आणि पूर्ण एक दिवस वाळवा. पात्यांच्या मधे पाणी लपून राहतं.

पुसून झाल्यावरही अडलं तर

तापमान आधीपेक्षा जास्त: नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली का ते बघा, मग एखादा स्क्रू किंवा पुश-पिन अर्धवट राहिली का ते. पेस्ट मध्यावर वाटाण्याएवढी पुरते.

सुरू होताना फॅन एररचा संदेश: पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर नाही.

रॅमचा एक स्लॉट दिसेनासा: रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे रॅमला दोष देण्याआधी कूलर एका बाजूला जास्त आवळला का ते तपासा. नंतर वाकलेली पिन किंवा सॉकेटमधली पेस्ट शोधा.

आणि मे महिन्यात मडगावला खोलीच ३३ अंशांवर असेल, तर काही काम न चालणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसरचं ४५ अंश तापमान हा बिघाड नाही. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे बरेचसे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत मुद्दामच जातात, त्यांची पेस्ट त्यासाठी पुन्हा काढू नका.