युद्ध सुरू होताच आलेली कविता कशी वाचायची

युद्ध पेटलं की कविता लगेच यायला लागतात, हल्ली तर व्हॉट्सॲपवर तासाभरात येतात. अंगावर काटा येतो, येऊ दे, पण मग परत एकदा सावकाश वाचा आणि आधी तारीख बघा. ब्रिटन ४ ऑगस्ट १९१४ ला पहिल्या महायुद्धात उतरलं आणि इंग्लिश कवी लॉरेन्स बिन्यनची ‘फॉर द फॉलन’ लंडनच्या टाइम्समध्ये आली २१ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम सात आठवडे झालेले. तिच्यातलं एक कडवं आजही ११ नोव्हेंबरला, ते युद्ध थांबलं त्या दिवशी, स्मारकांपुढे म्हणतात, पण ती छापली तेव्हा चार वर्षांचं मरण अजून पुढंच होतं.

मग पेन्सिल घ्या आणि कवितेत शरीर कुणाचंय ते शोधा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. इंग्लिश कवी रुपर्ट ब्रूकचं ‘द सोल्जर’ बघा, १९१४ मधलं सुनीत. चौदा ओळींत इंग्लंड आणि इंग्लिश मिळून सहा वेळा येतं, मी मोजलंय, पण बंदूक नाही, चिखल नाही, रक्ताचा थेंब नाही. सैनिक मेला की त्याची माती होते आणि ती माती म्हणजे इंग्लंड, बस. तो खोटं लिहीत होता असं मला अजिबात वाटत नाही, २७ वर्षांचा पोरगा, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईकडे जाताना ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ जहाजावरच वारला.

आपल्याकडं १९६२ ला चीनने हल्ला केला तेव्हाची कुसुमाग्रजांची ‘बर्फाचे तट पेटुनि उठले’ घ्या. तिथं सुरुवातीलाच रक्त आहे, शुभ्र हिमावर ओघळणारं, पण ते आईचं, भूमीचं. आईला लागलंय म्हटल्यावर घरात कोण बसून राहील, ती कविता उठवायलाच आलीय.

आता ब्रूकच्या शेजारी त्याच पहिल्या महायुद्धातली उशिराची कविता ठेवा, ही पायरी गाळू नका. सैनिक कवी विल्फ्रेड ओवेनने ‘डुल्से एट डेकोरम एस्ट’ (लॅटिनमध्ये ‘गोड आणि शोभणारं आहे’) ऑक्टोबर १९१७ मध्ये एडिनबराच्या लष्करी हॉस्पिटलात लिहायला घेतली. विषारी गॅस येतो, एकाला मास्क वेळेत लावता येत नाही, त्याला गाडीत टाकतात आणि प्रत्येक हिसक्याला फुप्फुसातलं रक्त तोंडाशी घुरघुरत येतं. इथं शरीर एका माणसाचं आहे, देशाचं नाही.

शेवटी दोन्ही मोठ्याने वाचा, मनात नाही. ब्रूक एका दमात वाहत जातो, ओवेनला मात्र पहिल्याच ओळीपासून अडखळत वाचावं लागतं, कारण त्याची माणसं तशीच चालतायत, वाकून, खोकत, चिखलातून.