शकुंतला टेबलावर आणताना

शकुंतला म्हणजे आमच्या भागातली यवतमाळ-मूर्तिजापूरची छोट्या रुळांची रेल्वेगाडी. आमच्या दारव्ह्याच्या पोरांनी तिच्या मार्गाचा छोटा नमुना करायचा ठरवलं, तेव्हा आधी माप ठरवलं. तुम्हीही तेच करा. खऱ्या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिमी. 1:87 प्रमाणात त्याचे पावणेनऊ मिमी होतात, म्हणून 9 मिमीचा तयार रूळ चालतो.

प्रत्येकानं चार बाय दोन फुटांची एकच प्लायची पाटी घरी करायची. एकाकडे मूर्तिजापूर, दुसऱ्याकडे कारंजा, माझ्याकडे दारव्हा मोतीबाग. पाट्यांची उंची आणि कडेवरची रुळाची जागा मात्र एकाच साच्यानं आखा. पाट्या एकमेकींना जोडल्यावर इथे सूतभर फरक पडला की गाडी उतरलीच समजा.

रूळ जोडताना सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. आम्ही ती सोडली नव्हती. मे महिन्यात टिनाच्या खोलीत रूळ पार वाकडे झाले, अख्खी पाटी उखडावी लागली.

जमीन दाखवायला काळी माती तशीच पसरली तर वाळून भेगाळते. ती चाळा, लाकडाचा भुसा अन् पातळ फेव्हिकॉल मिसळा, पातळ थर द्या.

विजेच्या लाइनीचा भरवसा नाही, म्हणून आम्ही फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी वापरतो. मध्ये फ्यूज आणि वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर हवाच. दर तीन फुटांवर रुळाला वायर जोडा.

चालवताना एकानं गाडी हाकावी, दुसऱ्यानं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे बदलावे. अन् गाडी हळूच हाका भाऊ, शकुंतला कधी जोरात धावलीच नाही.