पेट-सीटीला जाताना: उपाशी म्हणजे उपवास नव्हे

पेट-सीटी या कॅन्सरसाठीच्या स्कॅनच्या वेळी शिरेतून जे इंजेक्शन देतात, त्याचं नाव एफडीजी. ही ग्लुकोजच्याच घडणीची साखर, फक्त तिला फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. बऱ्याचशा कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, म्हणून ही साखर त्यांच्यात साठते आणि तो भाग चित्रात उजळतो. मशीनला कॅन्सर दिसत नाही, साखर कुठे गेली ते दिसतं. तयारीच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात: ती साखर गाठीपर्यंत पोचावी, स्नायूंत किंवा आतड्यात वाया जाऊ नये.

तारीख घेताना

निदानाच्या वेळचा स्कॅन पहिली केमो सुरू होण्याआधीच करून घ्या. नंतरच्या सगळ्या स्कॅनची तुलना त्याच्याशी होते. केमोच्या मधला स्कॅन पुढच्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीच्या, आदल्या एक-दोन दिवसांत यावा. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, शेवटच्या केमोनंतर साधारण 6 ते 8 आठवडे थांबतात, शेक म्हणजे रेडिएशन झालं असेल तर सुमारे 12 आठवडे. शेकलेल्या जागी सूज राहते, आणि सुजेतल्या पेशीही साखर ओढतात. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये ही सूज उरलेल्या रोगासारखी दिसते.

पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन कधी घेतलं ते तारखेसह लिहून न्या. त्याने हाडांतला मगज सगळीकडे उजळतो आणि रोग हाडांत पसरल्याचा भास होऊ शकतो. नुकती घेतलेली लस, बायॉप्सी, ऑपरेशन, दात काढणं, पडून लागलेला मार, हेही सांगायचं.

आदली संध्याकाळ आणि सकाळ

स्कॅनच्या आधीचे 24 तास व्यायाम, जड ओझं, लांब चालणं नको. दमलेले स्नायू साखर खेचतात. रात्रीच्या जेवणात भात, पोळी, भाकरी, बटाटा, फळं, गोड टाळा. अंडी, पनीर, मासे, चिकन, पालेभाजी चालते. त्यानंतर इंजेक्शनच्या आधी निदान 6 तास पोटात काही नको.

इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. उपाशी म्हणजे उपवास नव्हे. साबुदाणा, रताळं, केळं, दूध, चहा, लिंबूसरबत, नारळपाणी यांतलं काहीही चालत नाही. खोकल्याचं गोड औषध, चघळायची गोळी, सुपारी, तंबाखूही नको. चघळण्याने जबड्याचे स्नायू उजळतात आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेमकी तीच जागा तपासायची असते. साधं पाणी मात्र भरपूर प्या. बीपी, थायरॉईड, फिटच्या गोळ्या पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्या.

रुग्ण वॉर्डात दाखल असेल तर सलाईनच्या बाटलीवरचं लेबल नातेवाइकांनीही बघावं. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीत 25 ग्रॅम साखर असते. तोंडाने काही न घेताही माणूस उपाशी राहत नाही. आदल्या रात्रीच डॉक्टरांना सांगून साधं नॉर्मल सलाईन लावून घ्या.

मधुमेह असेल तर

वेळ घेतानाच सांगा. इंजेक्शनच्या आधी बोटातून साखर तपासतात आणि ती 200च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं स्कॅन पुढे ढकलतात, कारण रक्तातलं ग्लुकोज आणि एफडीजी एकाच दाराने पेशीत शिरायला बघतात. मग ऐन वेळी इन्सुलिन टोचून साखर का उतरवत नाहीत? इन्सुलिन स्नायूंची दारं उघडतं. एफडीजी मांड्या-दंडांत जाऊन बसतं आणि गाठ फिकी दिसते. म्हणून झटपट काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजी यांत किमान 4 तासांचं अंतर हवं. इन्सुलिनवर असलेल्यांनी लवकर नाश्ता आणि डोस घेऊन दुपारची वेळ मिळते का ते विचारावं. मेटफॉर्मिनमुळे आतडं उजळतं. पोटातला रोग बघायचा असेल तर ते 48 तास बंद ठेवतात, पण हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, स्वतःहून गोळी थांबवू नका. उपाशीपोटी घाम सुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर खा. स्कॅन दुसऱ्या दिवशी होईल.

केंद्रावर

वेळेवर पोचा. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. 9 वाजताचा डोस 10.50ला अर्धाच उरतो, आणि बऱ्याच केंद्रांत तो दुसरीकडच्या सायक्लोट्रॉनहून, म्हणजे असे किरणोत्सर्गी अणू बनवणाऱ्या यंत्राकडून, सकाळीच मागवलेला असतो. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, जुने रिपोर्ट आणि जुन्या स्कॅनच्या सीडी बरोबर न्या. वजन तिथेच काट्यावर करून घ्या, महिन्यापूर्वीचं सांगू नका. केमोत वजन उतरतं, आणि रिपोर्टमधला एसयूव्ही, म्हणजे एखाद्या जागेने किती साखर ओढली ते सांगणारा आकडा, वजनावरूनच काढतात.

सुई शक्यतो आजाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताला लावून घ्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर आवर्जून. आग झाली, सूज आली तर तिथल्या तिथे सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर डोस कमी पडतो, शिवाय काखेतली गाठ उगाच उजळू शकते.

त्यानंतरचा तासभर महत्त्वाचा. शांत पडून राहा. गप्पा, फोन, मोबाईलवर टायपिंग नको. बोलण्याने स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. शाल न्या आणि घरून निघाल्यापासून अंगावर ठेवा, कारण थंडीने मानेतली आणि खांद्यावरची तपकिरी चरबी पेटते आणि तिथल्या गाठी तिच्यात हरवतात. स्कॅनला जायच्या आधी लघवी करून या. मशीनवर 15 ते 25 मिनिटं, सगळं मिळून 3-4 तास धरा.

रिपोर्ट हातात आल्यावर

'अपटेक', म्हणजे साखर ओढली जाणं, हा शब्द दिसला की धीर सुटतो. पण टीबीच्या गाठी, न्यूमोनिया, ताजी जखम हेही उजळतं, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीतल्या उजळ गाठीवर बायॉप्सीशिवाय शिक्का मारणं धोक्याचं. उलट मेंदू मुळातच ग्लुकोजवर चालतो, तो सगळाच उजळ असतो. तिथल्या छोट्या गाठींसाठी एमआरआय लागतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एफडीजी बहुधा कमी पडतं, म्हणून पीएसएमए हा वेगळ्या इंजेक्शनचा पेट स्कॅन करतात. त्याला उपाशी राहायची सहसा गरज नसते.

दोन रिपोर्टमधले एसयूव्ही नुसते शेजारी ठेवून रोग वाढला-घटला ठरवू नका. इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर एकदा 60 मिनिटं आणि दुसऱ्यांदा 90 असेल तर रोग तसाच असूनही आकडा वाढतो. म्हणून पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर आणि इंजेक्शननंतर तेवढ्याच वेळाने करा.

घरी आल्यावर पाणी भरपूर प्या. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून त्या रात्रीपर्यंत लांब राहा. बाळ अंगावर पीत असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते इंजेक्शनच्या आधीच सांगायचं. डॉक्टरांना फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवून उपयोग नाही, त्यात पातळ काप बघता येत नाहीत. केंद्रातून निघतानाच डायकॉम या स्कॅनच्या मूळ चित्रांच्या स्वरूपातली पूर्ण सीडी मागून घ्या आणि ती उघडते का ते तिथल्याच कॉम्प्युटरवर बघा.