चाळिशीनंतर ‘लग्नाचे काय?’ या प्रश्नाला कसे सामोरे जावे

जपानमध्ये एके काळी पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित तरुणीला ‘ख्रिसमसचा केक’ म्हणत, कारण डिसेंबरची २५ तारीख उलटली की तो केक कोणी विकत घेत नाही. तिथे १९९० मध्ये पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न केलेल्यांचे प्रमाण स्त्री-पुरुष दोघांतही सहा टक्क्यांच्या आत होते. २०२० च्या जनगणनेत ते पुरुषांत सुमारे २८ आणि स्त्रियांत सुमारे १८ टक्क्यांवर गेले. तरीही नातेवाइकांची विचारणा थांबलेली नाही. म्हणून नाशिकमधले लोक बदलण्याची वाट न पाहता काही गोष्टी आपणच ठरवून ठेवाव्यात, असे मी वयाच्या ४७ व्या वर्षी, अविवाहित म्हणून मनापासून सांगते.

‘मी लग्न केलेले नाही आणि माझे छान चालले आहे,’ हे एकच वाक्य मावशीला, शेजारणीला आणि कार्यालयातल्या साहेबांना त्याच शब्दांत सांगावे. पत्रिका जुळली नाही, वडील आजारी होते, अशी कारणे देऊ नयेत. कारण दिले की त्यावर तोडगा सुचवला जातो आणि त्र्यंबकेश्वरला कोणता विधी करावा, याचा निरोप दुसऱ्याच दिवशी येतो.

समारंभ मात्र टाळू नयेत. पंचवटीतल्या एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यजमानीणबाई करंडा हातात धरून माझ्यासमोर थबकल्या. मी सवाष्ण नव्हे, आणि कुमारिका म्हणावे तर केस पिकलेले. मी कपाळ पुढे केले. त्यांनी कुंकू लावले, वाण दिले, आणि पुढच्या वर्षी त्या थबकल्या नाहीत.

याहून निकडीचे काम कागदपत्रांचे आहे. जपानमध्ये रुग्णालयात दाखल होताना बहुधा हमीदार मागतात आणि एकट्या वृद्धांचे तिथेच अडते. आपल्याकडेही शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर नातेवाइकाची सही मागतात, म्हणून ती कोण करणार हे आजच त्या व्यक्तीशी बोलून ठरवावे आणि तिचा नंबर आरोग्य विम्याच्या कार्डासोबत पाकिटात ठेवावा. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारस ठरला, असे समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते, इतकेच. आपल्यामागे कोणाला काय मिळावे हे ठरवण्यासाठी मृत्युपत्र करावे. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. कागद कोणत्या कपाटात ठेवला आहे, हे भाचीला दाखवून ठेवावे.