जळगावच्या लॅपटॉपवरचं ॲप रावेरच्या मोबाइलवर

केळीच्या भावाचं ॲप तुमच्या लॅपटॉपवर चालतंय आणि रावेरच्या व्यापाऱ्याला ते आत्ताच बघायचंय. राउटरमध्ये पोर्ट उघडत बसू नका; इंटरनेट जोडणी सीजीनॅटमागे असेल (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) तर त्याचा उपयोग शून्य.

त्याऐवजी क्लाउडफ्लेअर्ड इन्स्टॉल करा; क्लाउडफ्लेअरचं हे साधन इंटरनेटवरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत वाट, म्हणजे टनेल, काढून देतं. झटपट टनेलला खातं लागत नाही. आधी सर्व्हर सुरू करून पोर्ट बघा (व्हीट या वेब ॲप बनवायच्या साधनाचा सहसा ५१७३). मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये क्लाउडफ्लेअर्डची ‘टनेल’ कमांड द्या. ‘यूआरएल’ पर्यायात लोकलहोस्टचा (म्हणजे त्याच यंत्राचा) पत्ता पोर्टसकट लिहा. मिळालेली लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा.

लिंक उघडल्यावर ५०२ हा एरर दिसला तर बहुतेकदा पोर्ट चुकलाय किंवा सर्व्हर बंद पडलाय. व्हीटनं ‘होस्टला परवानगी नाही’ म्हटलं, तर लिंकमधलं होस्टचं नाव व्हीटच्या सेटिंगमधल्या ‘अलाउडहोस्ट्स’मध्ये टाका.

खरी गोची वेगळीच: पान उघडतं, पण भाव रिकामे. कोडमध्ये बॅकएंडच्या (भाव पुरवणाऱ्या सर्व्हरच्या) एपीआयचा पत्ता लोकलहोस्ट असेल, तर व्यापाऱ्याचा मोबाइल स्वतःमध्येच सर्व्हर शोधतो! पत्ता सापेक्ष (होस्टच्या नावाशिवाय) ठेवा, ‘/एपीआय’सारखा, आणि व्हीटच्या प्रॉक्सीतून बॅकएंडकडे वळवा. एकच टनेल पुरतो, कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरचा डेटा ब्राउझरनं अडवण्याची) कटकटही टळते.

लिंक ज्याच्या हाती, त्याला ॲप उघडं. म्हणून डीबग मोड बंद, खरा डेटा बाजूला. लाइट गेली आणि टनेल पुन्हा सुरू करावा लागला, तर लिंक नवी मिळते, तीच पाठवा. काम झालं की टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबून टनेल बंद करा.