पुढच्या मडगार्डला एक्स्टेंडर लावताय? या चुका टाळा

एक्स्टेंडर म्हणजे बाईकच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला जोडून ते खाली वाढवणारा प्लॅस्टिकचा तुकडा. तो लावावा की नाही, यावर माझं मत पक्कं आहे: लावावाच. बहुतेक गाड्यांचं पुढचं मडगार्ड मागच्या बाजूला आखूड असतं. चाकाने उडवलेला चिखल आणि खडी थेट सायलेन्सरच्या बेंडवर (इंजिनमधून निघणाऱ्या वाकड्या, तापणाऱ्या नळीवर) आणि इंजिनवर येते, रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीत अडकते. चिखल सुकून बसला की हवा खेळत नाही आणि घाटात गाडी तापते. पण हाच तुकडा घाईत लावला तर चाकाशी खेळ होतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो उलट्या बोल्टचा. जुलैमध्ये ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. पुढे मित्राची गाडी. निवे गावाच्या पुढे त्याच्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला. थांबून वाकून बघितलं, तर चार बोल्टची शेपटं टायरच्या बाजूला, नट आतून लावलेले. बाहेरून फक्त गोल डोकी दिसावीत, गाडी छान दिसावी म्हणून! मडगार्डमध्ये चिखल ठासून भरला, प्लॅस्टिक हललं आणि शेपटं टायरला टेकली. टायरवर गोल चर पडली होती. भर पावसात पाना काढून एक्स्टेंडर सोडवला. उतारावर चाक जाम झालं असतं तर काय, हा विचार आजही अंगावर येतो.

म्हणून माझी सवय: बोल्टचं चपटं डोकं आत, नट बाहेर. 5 मिलिमीटर जाडीचा, 16 मिलिमीटर लांबीचा बोल्ट पुरतो. दोन्हीकडे रुंद वायसर, नट नायलॉकचाच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा. मग चाक हाताने फिरवायचं. डोकं आणि टायर यांच्यात करंगळी सहज गेली पाहिजे.

दुसरी चूक डबल टेपची, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची. चांगली टेप 20 मिनिटांत जेमतेम अर्धी पकड घेते, पूर्ण पकडीला 72 तास लागतात. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे निघणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणतो. मी बुधवारी चिकटवतो आणि तरीही खाली दोन बोल्ट मारतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पेट्रोलने नको, तेलकटपणा राहतो. पॉलिश केलेल्या मडगार्डवर तर टेप टिकतच नाही.

सुपरग्लू वापरू नका, थरथरीने तडकतो. प्लॅस्टिकजवळ थ्रेडलॉकरही (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) नको, एबीएस जातीच्या प्लॅस्टिकला त्याने चिरा जातात. चाक काढायचा कंटाळा म्हणून मडगार्ड गाडीवर असतानाच ड्रिल मारू नका, बिट आरपार टायरमध्ये जातो. आधी 3 मिलिमीटरचा बिट, मग 5.5 चा. मडगार्ड पत्र्याचं असेल तर भोकाच्या कडेला रंग लावा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरतो.

आणि स्टँडवर उभ्या गाडीची मापं खरी धरू नका. ब्रेक दाबला की फोर्क (पुढचे शॉकअप) दबतो, मडगार्ड वर सरकतं आणि एक्स्टेंडरचं टोक बेंडला टेकून वितळतं. गाडीवर बसा, पुढचा ब्रेक धरून जोर लावून दाबा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली बघायला सांगा. बेंडपासून दोन बोटं अंतर राहत नसेल तर टोक हॅकसॉने कापा, कानस मारा आणि पुन्हा दाबून बघा.